ओले दाणे

मातीत कुजून जाणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात फुगा उभा करावा तर थोरलीनंच. वितळलेलं प्लास्टिक हवेच्या जोरावर फुग्यासारखं वर चढतं आणि मग चपटं होऊन त्याची फिल्म होते. पण हा माल महानखरेल. उष्णता जरा वाढली की पाघळला, वितळवायचे प्लास्टिकचे दाणे जरा दमट राहिले की फाटला. अकरा वर्षं थोरलीनं त्याचे नखरे सोसले होते. तिच्या सुट्टीच्या दिवशी मशीनही बंद असे, आणि याचा तिला कोण तोरा!

आता प्रयोगशाळेत धाकटी आली होती. सख्खी बहीण. थोरली लवकर कामाला लागली म्हणून जी शिकू शकली, ती. तिनं पांढऱ्या भुकटीची पिशवी आणली.

"ताई, शंभर किलोत अर्धा किलो घातली ना, की फुगा कुणाच्याही हातून उभा राहील बघ."

कुणाच्याही! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरात सगळ्यांच्या तोंडी हीच, आता मशीनही हिचंच.

चाचणीआधी दाणे चार तास गरम हवेत सुकवायचे, हे काम थोरलीचं. तिनं ड्रायर लावलाच नाही. दमट दाणे भुकटीसकट तसेच ओतले आणि चाचणी बघायला आलेल्या साहेबांसमोर धाकटीची फजिती व्हायची वाट बघत उभी राहिली.

फुगा चढला. डोक्यावर गेला, थेट वरच्या रोलरला भिडला. ना थरथर, ना भोक.

धाकटीनं सहज ड्रायरला हात लावला. तो गार होता.

"ताई, सुकवले नाहीस?"

"नाही," थोरली कशीबशी म्हणाली. आता बिंग फुटणार होतं.

"साहेब!" धाकटी ओरडलीच. "ओल्या दाण्यांवर चाललं! ओलीनं प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात, त्या भुकटीनं पुन्हा जोडल्या. इतकी कडक परीक्षा घ्यायची माझी हिंमत झाली नसती हो, ताईनं घेतली!"

साहेब खूश. थोरलीकडे वळून म्हणाले, "वा! मग उद्यापासून नव्या बायकांना हे मशीन तुम्हीच शिकवा. एका दिवसात शिकतील."

धाकटीनं तिला सगळ्यांसमोर मिठी मारली. खरं काय ते थोरलीच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. धाकटीवर चिडावं म्हटलं, तर तेवढं कारणही धाकटीनं तिच्या हाती ठेवलं नव्हतं.