काठ्यांच्या जागी कंदील

माझी नजरच वाईट आहे. चारचौघांना जिथे सुंदर देखावा दिसतो, तिथे मला आधी खुपणारी गोष्ट दिसते. त्यावरच माझं पोट चालतं. लोकांच्या लग्नात फुलं, पडदे, खुर्च्या, दिवे कुठे असावेत ते मी ठरवते आणि जे दिसायला नको ते आधी हलवते. या वेळी लग्न माझ्याच भाचीचं होतं, त्यामुळे मी नाकावर माशी बसू देत नव्हते.

चिमणी सात वर्षांची असताना तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, गेली. तेव्हापासून मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. शाळा सुटली की ती माझ्याबरोबर कामावर यायची. मी आत, पाहुण्याच्या खुर्चीत बसून बघायचे आणि ती बाहेर नवरीच्या जागी उभी राहायची. काचेतून आवाज पोचत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या. बोट दाखवलं की त्या बाजूला सरकायचं. मूठ म्हणजे जागचं हलायचं नाही. दोन्ही तळवे पुढे केले की मागे व्हायचं. इतक्या वर्षांत पोरगी एकदाही चुकली नव्हती.

हॉटेल शंभर वर्षांपूर्वीचं, तलावाला अगदी खेटून. हिवाळ्यात ते बंदच असे. आमच्या एकवीस माणसांसाठी मालकांनी तेवढे तीन दिवस उघडलं होतं. तलाव गोठला होता. मधूनच तो आतल्या आत कण्हल्यासारखा आवाज करायचा आणि हातातलं काम थांबायचं. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. ते काम रखवालदारकाकांचं. आल्या दिवशीच त्यांनी मला ऐकवलं होतं, "बाई, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. पियानो हलवायचा नाही. शेकोटीवरच्या फळीवर मेणबत्त्या नकोत. तलावातल्या काठ्यांना हात लावायचा नाही."

"श्वास घेतला तर चालेल ना?" मी विचारलं. चिमणी खो खो हसली. काका हसले नाहीत.

त्या काठ्या म्हणजे पाच वाकडे बांबू, धक्क्यापासून वीसेक पावलांवर गोल करून बर्फात रोवलेले आणि प्रत्येकाला भडक नारिंगी चिंधी. सगळी सजावट मी पांढऱ्या आणि राखाडी रंगांत बांधली होती, आणि मधल्या खिडकीतून बरोबर त्या चिंध्या दिसायच्या. कोणी मासेमाऱ्याने ठेवलेली खूण असेल, असं मी धरून चालले. काकांना विचारलं असतं तर पियानोसारखंच उत्तर मिळालं असतं. म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी, ते लाकडं आणायला गेल्यावर, मी एकटीच बर्फावर गेले आणि काठ्या हलवून हलवून उपटल्या. भोकं आयती मिळाली, त्यांत कंदिलांचे दांडे रोवले. पायाखाली बर्फाने हूं की चूं केलं नाही. परत येऊन खिडकीतून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दुपारी जेवणं झाली, सह्या झाल्या, नवऱ्यामुलाने डोळे पुसले. ऊन उतरायला लागलं तसे मी गोलाच्या बाहेरूनच फिरून कंदील पेटवून घेतले आणि चिमणीला फोटोसाठी बाहेर पाठवलं. "कंदिलांच्या अलीकडे उभी राहा. बाकी मी आतून सांगते."

काका लाकडांची मोळी घेऊन हॉलमध्ये आले आणि खिडकीपाशी थबकले.

"काठ्या कुठे आहेत?"

"जिन्याखाली. उद्या लावून देते, काका, रागावू नका."

मोळी त्यांच्या हातातून सुटली. "अहो बाई, स्वयंपाकघराचं गरम पाणी तिथे खालून सुटतं! सकाळपासून आंघोळी, भांडी... तिथला बर्फ आता पापुद्र्याएवढा असेल!"

सकाळी मी तिथे उभी होते तेव्हा चूलसुद्धा पेटली नव्हती. काका दाराकडे धावले, पण तलावाकडचं दार हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. धक्क्यावर नवरामुलगा तिची शाल धरून उभा होता, फोटोग्राफर कॅमेऱ्यात डोळा घालून. आणि चिमणी कंदिलांना पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या टाचांपासून पहिला कंदील दीड हातावर होता.

मी खिडकी ओढली. पट्ट्या निघेनात. ओरडले, तर मागचे पाहुणे दचकून उभे राहिले, बाहेर काहीच गेलं नाही. मग काचेवर दणादणा हात मारले. तिने वर पाहिलं. मी दोन्ही तळवे काचेवर टेकवले आणि जीव तोडून ओरडले, "थांब! थांब, चिमणे!"

ती हसली. लहानपणी हसायची तशीच, आता आलं लक्षात, मावशी, असं. मान डोलावली, पांढऱ्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलला आणि मागे वळूनही न पाहता एक पाऊल मागे टाकलं. मग अजून एक.

तिच्या मागचा कंदील कलला.

तेव्हा मला मूठ आठवली.