दोष प्लेअरचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव मत्सरी आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मला एकाच पद्धतीचं रंगीत चित्र दाखवायला शिकवलं होतं. तेवढ्या शिदोरीवर मी या घरात बावीस वर्षं मानानं काढली. घरातल्या आई रोज सकाळी माझी काच मऊ फडक्यानं पुसायच्या.

मग परदेशातून लेकीची डीव्हीडी आली. ती तिथल्या एका गायनवृंदात गाते, आणि त्यांच्या कार्यक्रमाची ती डीव्हीडी तिथल्या दुकानांत विकायला होती. आमच्या जुन्या प्लेअरनं ती घेतलीच नाही. जगाचे भाग पाडून प्रत्येक भागाच्या डीव्हीडीला क्रमांक दिलेला असतो, आणि प्लेअरचा क्रमांक जुळला नाही तर चित्र लागत नाही. म्हणून बाबांनी सगळे क्रमांक चालणारा नवा प्लेअर आणला.

त्याचं काय ते कौतुक! "कुठल्याही देशाची डीव्हीडी चालते म्हणे," बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चित्र दाखवणार मी, आणि नाव याचं!

डीव्हीडी लागली. गाणं खणखणीत ऐकू आलं, पण चित्र काळं-पांढरं. त्या देशातल्या चित्राची पद्धत वेगळी. प्लेअर ते जसंच्या तसं पाठवत होता, आणि मला त्यातले रंग ओळखता येत नव्हते. दोष माझा होता. पण बाबा प्लेअरवर टपली मारून म्हणाले, "बडा घर पोकळ वासा!" मला अशा गुदगुल्या झाल्या म्हणता!

आईंचं प्लेअरकडे लक्षच नव्हतं. त्या उठून माझ्या अगदी जवळ आल्या.

"अहो, बघा तरी, पोरीच्या तोंडावर रक्ताचा थेंब नाही. ओठ कसे पांढरे पडलेत!"

"अगं, बाकीचे गाणारेही तसेच दिसताहेत की."

"मग त्यांनाही तिथलं हवापाणी मानवत नसेल!"

"फोन करून विचार ना तिला."

"विचारलं तर 'बरी आहे' असंच म्हणणार ती. मी आता सांगणारच आहे, गाणं पुरे झालं, घरी निघून ये."

चार दिवस आई अर्ध्या जेवणावरून उठल्या. तीच डीव्हीडी लावून लेकीचा चेहरा न्याहाळत बसायच्या. मला वाईट वाटत होतं. तरी खरं सांगतो, प्लेअर दुकानात परत जाणार हे ऐकून बरंही वाटत होतं. मत्सर माणसाला काय, टीव्हीलाही शोभत नाही.

पाचव्या दिवशी बाबा प्लेअर खोक्यात भरत होते, तेवढ्यात शेजारचे टीव्ही दुरुस्त करणारे काका डोकावले. सगळं ऐकून ते हसायलाच लागले.

"अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी! तुमच्या टीव्हीला हे रंग कळत नाहीत. प्लेअरला सांगू, याला समजेल असं चित्र पाठव."

त्यांनी रिमोटवरची दोन-चार बटणं दाबली. ज्याच्यावर मी जळत होतो, त्यानंच चित्र माझ्या पद्धतीत बदलून माझ्या हाती दिलं.

लेकीचे गाल गुलाबी होते. अंगात पिवळाधमक झगा होता. आई आधी हसल्या आणि मग रडल्या. "जाडसुद्धा झालीये की हो!" म्हणत त्यांनी फोन उचलला आणि लेकीला सांगितलं, "गात राहा, बाळा."

मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मित्रांनो, घरातलं चित्र फिकं दिसलं तर नव्याला बोल लावण्याआधी जुन्यालाही एकदा तपासा. आम्ही आपणहून कबूल करत नाही.