विल्फ टॅटर्सलचा बाक

विल्फ टॅटर्सल वारला, ही बातमी खुद्द विल्फ टॅटर्सलला फोनवर कळली.

त्या वेळी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या टोस्टवर बीन्स ओतून खात होता. फोन सॉल्टबी पालिकेच्या मिसेस बॅगशॉ यांचा होता. भलत्याच गावात कबुतरं पाळणारा दुसरा कुणी विल्फ टॅटर्सल गेला होता. पालिकेनं पेपरात नाव वाचलं आणि फार चौकशी न करता ठराव करून टाकला.

"त्यांच्या नावानं बाक बसवतोय आम्ही," बाई म्हणाल्या. "धक्क्यावर, थेटरासमोर. आपण त्यांचे कोण?"

विल्फ सांगणारच होता, की बाई, मी धडधाकट आहे आणि माझे बीन्स गार होतायत. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "भाषणाला ऑब्रे पिनक स्वतः येतायत."

विल्फनं घास गिळला. "मी धाकटा भाऊ. नॉर्मन."

एके काळी पिनक आणि टॅटर्सल म्हटलं की समुद्रकाठची थेटरं ओसंडून वाहायची. लांबोडक्या ऑब्रेनं गंभीरपणे प्रश्न विचारायचा आणि ठेंगण्या विल्फनं बावळटासारखं उत्तर द्यायचं. हशा सगळा विल्फला, त्यामुळे ऑब्रेच्या पोटात दुखायचं. एकदा एका मुलाखतीत तो बोलून गेला, "माझ्या प्रश्नाला कोट टांगायच्या स्टँडनं उत्तर दिलं असतं, तरी लोक हसले असते." झालं! विल्फनं जोडी मोडली ती मोडलीच. वीस वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. तेवढ्या काळात विल्फच्या नशिबी काय आलं, तर टीव्हीवर रश्श्याच्या जाहिरातीतला बटाटा. त्या बटाट्याला कुणी हसलं नाही. तेव्हापासून त्याला धास्ती होती, की ऑब्रेचं खरंच असेल तर? आपण स्टँडच असू तर?

मेल्या म्हशीला मणभर दूध, हे सॉल्टबीतही खरंच आहे. आता तरी ऑब्रे ते शब्द मागे घेतो का, एवढंच विल्फला ऐकायचं होतं.

समारंभाच्या दिवशी असा वारा सुटला होता, की महापौरांच्या गळ्यातली सोन्याची साखळी त्यांच्याच हनुवटीवर आपटत होती. विल्फ खोटी मिशी लावून मागच्या रांगेत उभा राहिला. निम्म्या लोकांनी त्याला ओळखलं. पण पाहुणे जमलेत, काकडीची सँडविचं कापून झालीत, आणि अशा वेळी एखाद्याला तुम्ही जिवंत आहात म्हणणं त्या लोकांच्या रीतीत बसत नाही.

"भाऊ गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं हो," एक म्हातारी त्याच्या मिशीकडे टक लावून म्हणाली.

"मलाही," विल्फ म्हणाला.

ऑब्रे माइकसमोर आला. केवढा वाळला होता! विल्फला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"विल्फ हा एक नंबरचा हट्टी, चिक्कू आणि घामट माणूस होता," ऑब्रेनं सुरुवात केली. मिसेस बॅगशॉंचा चेहरा उतरला. "मी एकदा म्हणालो होतो, त्याच्या जागी कोटाचा स्टँडही चालेल. मग मी खरंच करून पाहिलं. दुसरे जोडीदार घेतले, चांगले नट होते बिचारे. कुणी हसलं नाही. घरी दाराशी एक स्टँड आहे. त्यालासुद्धा विचारून पाहतो रोज सकाळी." त्यानं माइक जवळ ओढला. "उत्तर देत नाही मेला."

विल्फची मिशी एका बाजूनं सुटली. त्याचं लक्ष नव्हतं.

"आमचा एक डॉक्टरचा प्रवेश होता," ऑब्रे म्हणाला. "मी डॉक्टर, तो पेशंट. मी कागद बघून म्हणायचो." त्यानं खिशातून नसलेला कागद काढला, चष्म्यावरून पाहिलं. "अहो, या कागदाप्रमाणे तुम्ही मंगळवारीच मेला आहात!"

इथं विल्फनं डोक्यावरची टोपी हातात घ्यायची, मनात तीन मोजायचे आणि बोलायचं. ऑब्रे थांबला. सगळा धक्का थांबला. शेजारी कुणीच नव्हतं, आणि ऑब्रे सवयीनं खाली उजवीकडे पाहत राहिला, जिथं ठेंगणा विल्फ उभा असायचा.

ती शांतता विल्फला सोसवेना. माणूस मेलेला राहू शकतो, पण रंगमंचावर जोडीदाराला असं उघडं पाडता येत नाही. त्यानं टोपी काढली.

"माफ करा डॉक्टर," मागून आवाज आला. "माझी बस चुकली."

धक्का हादरेल असा हशा झाला. समुद्रपक्षी किंचाळत उडाले, महापौर साखळी धरून वाकले. मिसेस बॅगशॉ धावतपळत विल्फपाशी आल्या. "मिस्टर टॅटर्सल, फार आनंद झाला, पण नियमाप्रमाणे बाकावर नावाची पाटी फक्त मयत व्यक्तींचीच..."

"असू द्या हो पाटी," विल्फ म्हणाला. "आज ना उद्या गाठतोच मी तिला."

ऑब्रेनं अजून मान वळवली नव्हती. त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि माइकमध्येच म्हणाला, "मधे तीन मोजायचे असतात, गाढवा. वीस वर्षं नाही."