दोघांच्या मधली चेकलिस्ट

मी एक जुनी चेकलिस्ट आहे, मित्रांनो. एका छोट्या खासगी विमानात, दोन वैमानिकांच्या मधल्या खाचेत माझी अकरा वर्षं गेली. तळहाताहून थोडं मोठं जाड कार्ड, वर प्लॅस्टिकचं आवरण, दोन्ही बाजूंना मिळून चाळीस ओळी आणि एका कोपऱ्यात कॉफीचा डाग. तो डाग मी पाडलेला नाही, पण बोलणी मात्र मीच खाल्ली. स्वभावाने मी जरा खाष्ट आहे, हे आधीच सांगून ठेवते. घाई मला खपत नाही आणि मधली ओळ गाळलेली तर मुळीच खपत नाही.

माझा जन्म ऑफिसातल्या छपाईच्या यंत्रात झाला. गरम प्लॅस्टिकमधून बाहेर पडले तेव्हा माझे कोपरे सुईसारखे टोचत होते. कंपनीत एक कप्तान होते. पूर्वी विमान चालवायला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी कात्री घेतली, माझे चारही कोपरे गोल केले आणि म्हणाले, "पोरांच्या बोटांना लागायला नको." चाळिशी उलटलेले वैमानिकसुद्धा त्यांच्या लेखी पोरंच.

माझं काम सोपं, पण माझ्यावाचून विमानाचं घोडं अडायचं. सहवैमानिकाने माझ्यावरची एकेक ओळ मोठ्याने वाचायची. कप्तानाने त्या वस्तूकडे बघायचं, तिला हात लावायचा आणि मगच उत्तर द्यायचं. "दार?" "बंद." "इंधन?" "पुरेसं." एखादा नवा वैमानिक ऐटीत म्हणायचा, "मला सगळं तोंडपाठ आहे." मास्तर म्हणायचे, "तोंडाला पाठ असतं रे, हाताला नसतं. वाच."

ही कंपनी श्रीमंत लोकांना हवं तेव्हा, हवं तिथे घेऊन जायची. प्रवाशाची बैठक लांबली की वैमानिकांनी खुर्चीत पेंगत बसायचं आणि बैठक संपली की ताजंतवानं तोंड करून उडायचं. माणूस असा किती दिवस टिकणार? म्हणून वैमानिकांनी एकत्र येऊन युनियन काढली. पुढे कोण, तर मास्तर. कंपनीशी करार झाला आणि त्यात एक कलम बसलं: वैमानिक 'मी दमलोय' म्हणाला तर त्याने उडायचं नाही आणि त्याच्या नावावर शेरा पडायचा नाही. सगळे त्याला 'दमल्याचं कलम' म्हणत.

त्या कलमाने एक नोकरी वाचवलेली मला ठाऊक आहे. चिमणी नावाची एक सहवैमानिक होती. खरं नाव वेगळं, पण चण इतकी लहान की पाठीला उशी घेतल्याशिवाय तिचे पाय पॅडलपर्यंत पोचत नसत. पहिल्याच वर्षी ती एकदा म्हणाली, "मी दमलेय, मला जमणार नाही." मॅनेजरने तिला काढायचं ठरवलं. मास्तर कराराचा कागद घेऊन तिच्याबरोबर गेले आणि तीन तास त्या खोलीत बसून राहिले. चिमणीची नोकरी टिकली. त्या दिवसापासून तिच्यासाठी मास्तर वडिलांच्या जागी होते.

पुढे जुना करार संपला. नवा होईपर्यंत जुनीच कलमं लागू राहिली, पण नव्या कराराचं घोंगडं चार वर्षं भिजत पडलं. कंपनी युनियनकडे बोट दाखवी, युनियन कंपनीकडे. त्यातच मास्तरांच्या बायकोला झटका आला आणि तिची उजवी बाजू लुळी पडली. हात धरल्याशिवाय तिला न्हाणीघरातही जाता येईना. मास्तरांना एकच गोष्ट हवी होती: सात दिवस काम, सात दिवस घर आणि तारखा आधी कळलेल्या. कंपनी म्हणाली, "युनियन नसेल तर पुढच्याच महिन्यापासून देतो." युनियनवाले म्हणाले, "तुकड्यातुकड्याने काही घ्यायचं नाही, सगळं एकदम ठरेल." आता आजारी माणूस सगळं एकदम ठरेपर्यंत थांबतं का?

मग काही वैमानिकांनी अर्ज फिरवला, की युनियन ठेवायची की नाही यावर मतदान घ्या. युनियन गेली की तिचा करारही जाणार होता. मास्तरांनी त्यावर सही केली.

वैमानिकांच्या खोलीत दोन तट पडले. मी त्या खोलीत नव्हते, पण माझ्यासमोर सगळे मोकळेपणी बोलतात. कार्डाला कोण लाजतं? चहाची किटली एकच होती, म्हणून दुसऱ्या तटाने नवी आणली. दोन्ही किटल्यांतला चहा सारखाच फिका होता म्हणे, पण या किटलीतला घोट त्या टेबलावर कुणी घेत नसे.

मतदानाला चार दिवस उरले होते, तेव्हा मास्तर आणि चिमणी एकाच विमानावर आले. सकाळीच तिने विचारलं, "सर, तुम्ही खरंच सही केलीत?"

"केली."

"तुम्ही? तुम्हीच उभी केलीत ना ही युनियन?"

"उभी केली म्हणून जन्मभर खांद्यावर घेऊन फिरू का? घरी बायको आठ आठ तास एका कुशीवर पडून असते. तिला कूस बदलायला कोण येतं, ते विचारलंस कधी?"

"नाही विचारलं, चुकलंच माझं. पण उद्या मी दमले तर माझ्या शेजारी कोण येऊन बसेल, ते तुम्ही विचारलंत का?"

मास्तरांनी खुर्चीचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "कामापुरतं बोल."

"बरं. कामापुरतंच."

मित्रांनो, त्यानंतर त्या दोघांमध्ये बोलायला उरले फक्त माझ्यावरचे शब्द. ती वाचायची, ते उत्तर द्यायचे. ना एक शब्द जास्त, ना एक कमी. एरवी मास्तर उड्डाणाच्या आधी काहीतरी थट्टा करायचे, डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवायचे. त्या दिवशी दोघांनी आपापले डबे आपापल्या खिडकीकडे तोंड करून खाल्ले. मला फार वाईट वाटलं. मी वाद मिटवायला जन्मलेली नाही, पण दोन माणसांच्या मधोमध राहायचं आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही, ही काय रीत झाली?

दुपारी तिसरं उड्डाण होतं. मागे एक व्यापारी आणि त्याची म्हातारी आई बसली होती. मास्तरांचे डोळे लाल झाले होते. आदली रात्रभर ते बायकोच्या उशाशी बसून होते, हे मला नंतर कळलं. धावपट्टीकडे जाताना चिमणीने वाचलं, "फ्लॅप?" फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्या. त्या खाली केल्याशिवाय विमान वेळेत जमीन सोडत नाही.

"लावले," मास्तर म्हणाले.

त्यांनी बघितलं नव्हतं. हातही लावला नव्हता. फ्लॅपचा दांडा जिथल्या तिथे होता. ज्या माणसाने सगळ्या कंपनीला हात लावायला शिकवलं, त्याचं नुसतं तोंड बोललं होतं.

चिमणीला ते दिसलं. तिची नजर दांड्यावर गेलेली मी स्वतः पाहिली. कामापुरतं बोल म्हणाले ना, मग आता बघू दे त्यांचं त्यांना, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. आणि तिने पुढची ओळ वाचली. मला वाचा असती तर मी ठणाणा केला असता. पण मी पडले कार्ड. मला वाचावं लागतं, मला बोलता येत नाही.

मास्तरांनी इंजिनाचा जोर वाढवला आणि विमानच भोंग्यासारखं ओरडलं. पट्ट्या खाली नसल्या की ते तसं ओरडतं. मास्तरांनी तिथल्या तिथे विमान थांबवलं आणि धावपट्टीवरून बाजूला घेतलं. कुणाला काही झालं नाही.

"माझी चूक," मास्तर म्हणाले.

"मला दिसलं होतं, सर." चिमणीने मला मांडीवर ठेवलं. "मी बोलले नाही. रागाच्या भरात मी बोलले नाही."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच. ते रागावले नाहीत. त्यांनी फोन काढला आणि कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवणाऱ्या रोस्टरवाल्याला लावला. "मी दमलोय. मी उडणार नाही."

पलीकडून तो म्हणाला, "सर, म्हणजे दमल्याच्या कलमाखाली घालू?"

"अजून चार दिवस आहे ना ते कलम? मग घाल."

बोलताना त्यांची मान खाली गेली होती. मागे जाऊन त्यांनी प्रवाशांनाही तेच सांगितलं. व्यापारी घड्याळ बघत कुरकुरायला लागला. त्याची आई म्हणाली, "तू गप बस रे. दमलाय तर झोपू दे त्याला. आपल्याला कुठे लग्नाला जायचंय?" त्या म्हातारीला मी आजही मानते. मास्तर आणि चिमणी दोघांनी घडलेलं सगळं कागदावर लिहून दिलं, आपापल्या चुकीसकट. कराराप्रमाणे कोणावरही शेरा पडला नाही.

चार दिवसांनी मतदान झालं. तीन मतांनी युनियन गेली. मास्तरांनी शेवटी कुठे मत टाकलं, ते मला माहीत नाही. चिमणीने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

खोटं कशाला बोलू, कंपनीने शब्द पाळला. पुढच्या महिन्यापासून मास्तरांना सात दिवस घर मिळालं. त्यांची बायको काठी घेऊन चार पावलं टाकायला लागली, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. पण दमल्याचं कलमही गेलं. आता डॉक्टरची चिठ्ठी आणली तरच सूट. नाहीतर नावावर शेरा, आणि तीन शेरे झाले की घरी.

एका दुपारी चिमणी सलग पाचव्या पहाटपाळीनंतर माझ्यापुढे बसली. मास्तर नुकतेच सात दिवसांची सुट्टी संपवून आले होते. तिने पहिली ओळ वाचली. मास्तरांनी उत्तर दिलं. तिने पुन्हा पहिलीच ओळ वाचली.

"दमलीस?"

"नाही सर. चालेल."

मास्तरांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि फोन लावला. "विमान जाणार नाही. दोघांतला एक दमला की विमान दमलं. कप्तान मी आहे, शेरा माझ्या नावावर टाक."

"सर, नका असं करू," चिमणी म्हणाली. "तुमची नोकरी जाईल."

"मला घरचे सात दिवस मिळाले ना, ते कोणाच्या झोपेतून आले ते मला कळतं," मास्तर म्हणाले. "नीज आता."

ती काहीतरी बोलायला लागली, पण बोलता बोलताच उशीला टेकून झोपली. मास्तर तासभर तसेच शेजारी बसून राहिले.

असे तीन शेरे त्यांनी घेतले. एक चिमणीसाठी, दोन ज्यांच्याशी ते कधीकाळी नीट बोलतही नव्हते अशा दुसऱ्या किटलीवाल्यांसाठी. मग कंपनीने त्यांना घरी बसवलं. त्याच सुमारास विमानात पडद्यावरच्या चेकलिस्ट आल्या आणि मीही निकामी झाले. मला टाकून देणार होते, तेवढ्यात मास्तरांनी मला खिशात घातलं. चिमणी आता पुन्हा सह्या गोळा करतेय, युनियन हवी म्हणून. परवाच घरी येऊन सांगत होती, की युनियन नको म्हणणाऱ्यांतल्याही सहा जणांनी सही दिली. मास्तर हळहळले, "मला आता सही करता येत नाही गं, मी कंपनीतच नाही."

हल्ली मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली असते. माझ्या प्लॅस्टिकवर त्यांनी चिकटपट्टी लावून बायकोसाठी नव्या ओळी लिहिल्यात. सकाळी चालायला निघण्याआधी ते वाचतात, "काठी?" ती काठीला हात लावते आणि जड जिभेने म्हणते, "आहे." "चप्पल?" "घातली."

काल सगळ्या ओळी संपल्यावर तिने उलट विचारलं, "आणि तुम्ही? दमलात?"

"छे," मास्तर म्हणाले.

ती दारातच थांबली. काठी टेकून त्यांच्याकडे बघत राहिली. बराच वेळ गेला. मग मास्तर खुर्चीत बसले, तोंडावर दोन्ही हात घेतले आणि म्हणाले, "हो गं. खूप."

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, रस्त्यात दमलेली माणसं भेटतील. त्यांना जरूर विचारा. पहिलं उत्तर बहुतेक 'नाही' असंच येतं. त्यावर लगेच निघून जाऊ नका. थोडं थांबा. खरं उत्तर द्यायला माणसाला वेळ लागतो.