हंबीररावांच्या बैलाचं चित्र

"बैल माझा, वैरण माझी, गोठा माझा. मग चितार तुझं कसं रं, नाग्या?"

हंबीरराव माझ्या शिलाईच्या दुकानापुढं उभे राहून ओरडत होते. शेजारी नागसेन बनसोडेचं पाट्या रंगवायचं दुकान. तो ब्रश तसाच हातात धरून बाहेर आला.

"बैल तुमचाच हाय, आण्णा. पन चितार म्या काढलंय. त्याच्याखालचं माजं नाव कुनी छाटलं, येवढंच इचारतोय."

"म्या सांगितलं छाटाय! माझ्या बैलाखाली तुझं आडनाव कशाला रं? आलंगेलं पावनं काय म्हनत्याल?"

भांडणाचं कारण माझ्या भिंतीवरच लटकत होतं. सांगलीच्या एका पशुखाद्य कारखान्याचं शहाण्णव सालचं कॅलेंडर. त्यावर हंबीररावांचा खिलार बैल बादल आणि कोपऱ्यात फेटा बांधलेले हंबीरराव. नागसेनच्या नावाची खालची पट्टी सफाचट.

बादलनं खरसुंडीच्या जत्रेत पहिला नंबर काढला, तेव्हा हंबीररावांनीच नागसेनला चित्र काढायला सांगितलं होतं. अग्रणी नदीच्या पात्रात नुसती वाळू तापत होती असले ते दिवस. हंबीररावांच्या आईनं, मनुबाईनं, त्याला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. तीन आठवडे तो कुंपणाबाहेर उन्हात बसला आणि प्लायवूडच्या फळीवर त्यानं बैल उतरवला. मी बघितलाय. पाठीवरून हात फिरवावा असं वाटायचं. मोलाचं विचारलं की हंबीरराव म्हणायचे, "बघू की." बघता बघता आठ महिने गेले. फळी त्यांच्या घराच्या दर्शनी सोप्यात लागली, तिथून तिचा फोटो कारखान्यात गेला आणि कॅलेंडर होऊन गावोगाव फिरला.

"मोल दिलं न्हाई, निदान नाव तरी ऱ्हाऊ द्यायचं," नागसेन म्हणाला.

"मोल? आरं, माझ्या बैलापुढं बसाय मिळालं हेच तुझं मोल! चावडीवर सांगितलंय म्या, बनसोड्याकडनं फुकाट काढून घेतलं म्हनून!"

जमलेली माणसं फिदीफिदी हसली. मीही दात काढले, खोटं कशाला बोलू.

नागसेन गप्प बसला असता. त्याची बायको दीपमाला बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं कॅलेंडरची सुरळी केली आणि नवऱ्याला एसटीत घालून सांगलीला नेलं. तिथं तिच्या माहेरच्या गल्लीतली क्रांती वकिली करायची. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं, "मोल दिलं होतं का?"

"छदाम न्हाई," दीपमाला म्हणाली.

"मग सोपं आहे. मोल देऊन काढून घेतलं असतं, तर छापायचा हक्क त्यांचा झाला असता. दिलं नाही, करार नाही, म्हणजे हक्क तुमचा. फळी त्यांच्या घरात राहू दे, पण छापायचं तर तुम्हाला विचारूनच. आणि नाव मोल दिलं तरी खोडता येत नाही. पण मोल दिलं नाही हे गावातलं कुणी सांगेल का?"

संध्याकाळी नागसेन माझ्या दुकानात आला. "जोतिबा, आण्णा फुकाट म्हनलं तवा तू व्हतास की. सांगशील का रं?"

मी मशीनवर मान घातली. हंबीररावांच्या अख्ख्या भावकीचे कपडे माझ्याकडं शिवायला असतात. "मला नीट ऐकाय आलं न्हाई, गड्या," मी म्हणालो. तो पायरी उतरून गेला. मला माझीच शिसारी आली.

कारखान्याला नोटीस गेली आणि आठवड्यात मालक आप्पासो जीप घेऊन गावात हजर. बरोबर हंबीरराव. क्रांतीबाई आधीच येऊन नागसेनच्या दुकानात बसली होती, समोर कोरा कागद. निम्मं गाव दारात. आप्पासोनं हंबीररावांना बाजूला घेतलं, म्हणजे माझ्याच दारात आणलं.

"आण्णा, ह्येला दोन हजार दिलं म्हनून सही करा. चितार तुमचं हुतंय, माजीबी मान सुटती."

हंबीरराव भडकले. "म्या दिलं? ह्येला? आवं, गावभर सांगत फिरलोय फुकाट काढून घेतलं म्हनून! आता मोल दिलं म्हनलं तर गाव तोंडात शेण घालंल माझ्या!"

"हळू बोला की, आण्णा!"

"हळू कशाला? काय चोरी हाय? आवं वकीलबाई, लिवा! हंबीररावानं एक रुपाया दिला न्हाई, लिवा!"

क्रांतीबाईनं शब्द न् शब्द लिहून घेतला. हंबीररावांनी लांबलचक सही ठोकली आणि मिशीवर हात फिरवला. आप्पासो कपाळाला हात लावून जीपमध्ये जाऊन बसला.

उरलेल्या कॅलेंडरांवर नागसेनच्या नावाची चिठ्ठी लागली. त्याला विचारल्याशिवाय चित्र पुन्हा छापणार नाही, असं आप्पासोनं लिहून दिलं. आपण कशावर सही केली, हे हंबीररावांना दोन दिवसांनी कळलं, आणि गाव नागसेनवर उलटलं. शाळेच्या पाटीचं काम गेलं, डेअरीचं गेलं, गणपती मंडळानं पेंटर बाहेरून आणला. नागसेन कामाला मिरजेला जाऊ लागला.

शिमग्याच्या आसपास, नागसेन गावात असताना, हंबीररावांचा गडी चादरीत गुंडाळलेली फळी घेऊन त्याच्या दुकानापुढं आला. मागून हंबीरराव. चादर काढली आणि मी मशीन थांबवलं. फळीवरचं नाव घालवायला त्यांनी स्वतः पॉलिश पेपर घासला होता. नाव गेलं, पण त्याबरोबर बादलचे चारी पायही गुडघ्यापर्यंत गेले होते. जनावर अधांतरी तरंगत होतं.

लोक हसले. नागसेन हसला नाही. फळीवरून बोट फिरवत म्हणाला, "म्होरल्या डाव्या पायाला मला चार दिस लागलं व्हतं, आण्णा."

"तेवढं पाय काढून दे. मोल देतो."

"काढतो. पन आदी लिवून द्या, चितार माजं आन नाव खाली ऱ्हानार."

"म्या लिवून देऊ? तुला?" हंबीररावांनी फळी उचलली आणि तरातरा निघून गेले.

त्यांनी लिहून दिलं नाही आणि यानं पाय काढले नाहीत. दुसरा पेंटर त्यात हात घालायला तयार होईना. इतका देखणा बैल अडगळीत टाकायला रंगुबाई, त्यांची बायको, तयार नाही. म्हणून तो सोप्यात तसाच लटकतोय. पाहुणा चहाचा कप हातात घेतो आणि पहिलं हेच विचारतो, "बैलाचं पाय कुठं गेलं?" मग रंगुबाई सगळं सांगतात, नागसेन बनसोडेच्या नावासकट, आणि हंबीरराव उठून गोठ्याकडं जातात.