गोंदण दिसेपर्यंत

धनश्रीच्या लग्नात स्वतः काढलेले दोन्ही रोल धुरकट आले, तेव्हा गजानन मास्तरांनी बेधडक ठोकून दिलं, "लॅबवाल्याने घोटाळा केला." धनश्रीचे वडील त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी ते खरं मानलं. पण त्या दिवसापासून मास्तरांना चैन नव्हतं. फोकस चुकला होता तो त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांमुळे. दीड वर्षापासून सगळं ताकाच्या निवळीतून पाहिल्यासारखं दिसत होतं. चित्रकलेच्या मास्तराने हे सांगायचं तरी कोणाला? बायकोला, सुमनलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

एकोणनव्वदच्या दिवाळीत मस्कतहून मेहुणा टोकरखाड्याला त्यांच्या घरी आला, तो त्यांच्यासाठी नवा कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊनच.

"भावजी, आता रिंग फिरवायची कटकट नाही. बटण अर्धं दाबा, फोकस तो स्वतःच करतो."

मास्तरांनी बटण अर्धं दाबलं. आत मोटर गुरगुरली, लेन्स सरकली, कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला. म्हणजे आता डोळे गेले तरी कुणाला कळणार नव्हतं!

मग त्यांनी सपाटाच लावला. शाळेची कवायत, शेजाऱ्याचं बारसं, गॅलरीतली तुळस. फोटो खणखणीत येऊ लागले, पण जीव काही थाऱ्यावर येईना. प्रिंट हातात पडेपर्यंत लॅबमध्ये दोन-दोन खेपा. त्यातून हा कॅमेराही लहरी. कमी उजेडात किंवा कोऱ्या भिंतीसमोर त्याला काही सापडतच नसे. लेन्स पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे. ती गुरगुर आठवली की मास्तर अंथरुणातही कूस बदलत राहत.

जानेवारीत चिंधा घरी आला. धुळ्याकडचा हा माणूस जवळच्या सामरवरणीच्या धाग्याच्या कारखान्यात होता.

"मास्तर, माय आलीय. पाय मोडला म्हणून इथं आणली होती. उद्या भाऊ तिला गावी नेतोय. एक फोटो पाहिजे."

"पाय बरा झाला की काढू ना."

"बापाच्या वेळी असंच म्हटलं होतं," चिंधा म्हणाला. "आता त्याचा चेहरा आठवायला गेलो, की काकाचाच समोर येतो."

मास्तर कॅमेरा आणि स्टँड घेऊन निघाले.

चाळीतली खोली पत्र्याची, खिडकी एकच. चिंधाची आई, मंजुळाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय प्लॅस्टरमध्ये. बाहेर उन्हात नेण्याची सोय नव्हती. मास्तरांनी स्टँड लावला, बटण दाबलं. गुर्र... पुढे. गुर्र... मागे. फोकस लागल्याशिवाय बटण पुरतं दाबलं तरी फोटो निघेना. त्यांनी लेन्स बदलली, लांबची लावली. तीही तशीच भटकत राहिली.

"हाई यंत्र कसाले कुरकुर करस?" मंजुळाबाईंनी विचारलं.

आता बाजूची कळ फिरवून फोकस हातानेच करायला हवा होता. त्यांनी छोटी लेन्स परत लावली, कळ फिरवली आणि आत पाहिलं. सगळं पांढरट. चेहरा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, तेही कळेना. असाच अंदाजाने दाबून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. उद्या म्हातारी गावी जाणार. कोण विचारणार होतं?

मास्तर कॅमेऱ्यापासून बाजूला झाले.

"चिंधा, मला दिसत नाही रे."

"उजेड कमी आहे ना, मास्तर."

"उजेड नाही. माझे डोळे गेलेत. तू ये इथं. ही रिंग हळूहळू फिरव. आईच्या कपाळावर गोंदण असेल ना, ते दिसेपर्यंत."

चिंधाने डोळा लावला. तुटलेला धागा रोज चिमटीत धरणारी त्याची बोटं बांगडीएवढ्या रिंगवर अलगद फिरली आणि थांबली.

"दिसलं का?"

"दिसलं," चिंधा म्हणाला. "माय, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"फोटू काढ आते," माय म्हणाली.

त्याने तीन फोटो काढले. तिन्ही स्वच्छ आले.

पण मास्तर रोल धुऊन येईपर्यंत थांबले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी सुमनला सगळं सांगितलं, लॅबवाल्यावर ढकललेलं खोटंही. ती भडकली.

"आणि या डोळ्यांनी तुम्ही दीड वर्ष हायवेवरून सायकल चालवताय?"

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना वलसाडच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्याचं ऑपरेशन महिनाभराने झालं. आठ दिवस हलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

त्या आठ दिवसांत कॅमेरा चिंधाकडे होता. मंजुळाबाईंचा फोटो पाहून सगळ्या चाळीलाच आपापल्या म्हाताऱ्यांचे फोटो हवे झाले होते. मास्तर पट्टी बांधलेल्या डोळ्याने खाटेवर चुळबुळत होते.

"सुमन, त्याला निरोप धाड. लांबची लेन्स खोलीत लावू नको म्हणावं."

"धाडलाय काल."

"आणि काचेला बोट नको लावू म्हणावं."

"पडा हो गप्प," सुमन म्हणाली आणि त्यांचा खांदा पुन्हा उशीवर दाबला.