दुसऱ्या हाताचं रक्त

वॉर्डातल्या एकालाही अक्कल नाही, असं फार्मासिस्ट मॅडमचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवूनही ठेवलं नव्हतं. डॉक्टर? ताप दिसला की तीन-तीन अँटिबायोटिक ठोकणारे! सिस्टर? भिंतीवर घड्याळ असून इंजेक्शन तासभर उशिरा देणाऱ्या. रोज सकाळी केसपेपर चाळताना मॅडम असं काही नाक मुरडायच्या, की जंतूंनीही यांची परवानगी काढूनच यावं.

सात नंबरच्या खाटेवर एक शिंपी होता. रक्तात चिवट जंतू शिरलेले आणि लागू पडणारं औषध एकच. ते कमी पडलं तर जंतू हृदयात जाऊन बसणार, जास्त झालं तर किडनी जाणार. म्हणून रक्तात औषध किती आहे ते मोजायचं. तिसऱ्या दिवशी आकडा आला तो हवा त्याच्या दुप्पट. मॅडमनी डोस निम्मा करायला सांगितला.

"किडनीचा रिपोर्ट तर चांगला आहे," तरुण डॉक्टर चाचरत म्हणाले. "पुन्हा एकदा तपासू या का?"

"किडनी जाईपर्यंत वाट बघता? आकडे कळत नसतील तर निदान सही तरी करा!"

बिचाऱ्यांनी मुकाट्यानं सही केली.

दोन दिवसांत शिंप्याचा उतरलेला ताप पुन्हा चढला. सिस्टरांनी औषध चुकवलं असणार, दुसरं काय! मॅडम तणतणत खाटेपाशी आल्या. शिंप्याची बायको त्याचं कपाळ पुसत होती.

"औषध वेळेवर देतात हो," ती म्हणाली. "सिस्टर फार चांगल्या आहेत. परवा तपासणीचं रक्त काढताना यांच्या दुसऱ्या हाताची शीर सापडेना, तर उगाच टोचत बसल्या नाहीत. औषधाच्या नळीतूनच काढलं."

ज्या नळीतून औषध जातं तिच्यातूनच रक्त काढलं, तर आकडा फुगणार नाही तर काय होणार! मॅडम तडक सिस्टरवर जाऊन आदळल्या. "एवढंही सांगता येत नाही?"

"सांगायलाच आले होते," सिस्टर शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पाल्हाळ नको, आकडा सांग."

म्हणाल्या होत्या खऱ्या. आणि तोऱ्यात म्हणाल्या होत्या.

मॅडमनी स्वतः उभं राहून दुसऱ्या हाताचं रक्त काढायला लावलं. औषध हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. डोस लगेच वाढवला, पण दुसऱ्या दिवशी हृदयाच्या तपासणीत दिसायचं ते दिसलंच. जंतू झडपेवर बसले होते आणि आता ऑपरेशनवाचून गत्यंतर नव्हतं.

शिंप्याची बायको वॉर्डाच्या दारात आडवी आली. "औषध कमी पडलं म्हणतात. कुणी केलं कमी?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. सिस्टर मॅडमकडे बघू लागली. रक्त हिनं काढलेलं, सही त्यांची. बोट दाखवायला दोघं आयती समोर उभी होती.

"मी केलं," मॅडम म्हणाल्या.

बाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मग तुम्ही आता यांच्या खाटेजवळ येऊ नका," ती म्हणाली आणि सिस्टरचा हात धरून आत गेली.